नाईलचा गाळ आणि माणसाचे वय

पूर ओसरल्यावर नदीकाठच्या शेतात जो मऊ थर मागे राहतो त्याला कोठे मळई म्हणतात, कोठे पोयटा, कोठे नुसताच गाळ. नर्मदेच्या, तापीच्या किंवा कृष्णेच्या काठी ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना या थराचे मोल सांगावयास नको. मात्र असा थर शंभर वर्षांत किती इंच चढतो, हा प्रश्न शेतकऱ्याला सहसा पडत नाही; त्याची दृष्टी पुढच्या सुगीवर असते आणि ते योग्यच आहे. हा प्रश्न पडला तो इतिहासाच्या वाटेने नदीकडे आलेल्या माणसांना. जमिनीत पुरलेल्या वस्तूवर किती गाळ साचला आहे हे मोजता आले आणि शतकाला किती साचतो हे ठाऊक असले, तर एका साध्या भागाकाराने त्या वस्तूचे वय निघेल, ही कल्पना मोठी मोहक आहे. या भागाकारापायी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये जो वाद माजला त्याचा विषय वरवर पाहता इजिप्तमधील चिखल हा होता. प्रत्यक्षात तो वाद मनुष्यजात पृथ्वीवर किती काळ नांदत आहे, याविषयीचा होता.

अशा हिशेबासाठी नाईलचीच निवड व्हावी हे स्वाभाविक होते. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. तेथील पूर हा दूर इथिओपियाच्या पठारावर उन्हाळ्यात कोसळणाऱ्या पावसाचा. त्या पठाराचा खडक आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा, बेसॉल्टचा. तो झिजून होणारी काळी माती निळी नाईल व अटबारा या नद्या खाली आणीत. प्राचीन इजिप्शियन लोक आपल्या देशाला ‘केमेत’ म्हणजे काळी भूमी म्हणत, ते याच मातीमुळे. त्या पावसाचे आपल्या मोसमी पावसाशी नाते आहे. १८७७ साली दख्खन दुष्काळाने होरपळत होते त्याच वर्षी नाईलचा पूर अत्यंत तोकडा आला, आणि माळवा-गुजरातेत अद्याप ज्याच्या आठवणी सांगितल्या जातात त्या छपन्नाच्या दुष्काळात, म्हणजे १८९९ साली, तेच पुन्हा घडले. एरवी मात्र ही नदी विलक्षण नेमस्त. जुलैत पाणी चढू लागावे, सप्टेंबरात शिगेला पोहोचावे, नोव्हेंबरात उतरून जावे. शेतांच्या मोठमोठ्या वाफ्यांभोवती बांध घालून ते पाणी चाळीसेक दिवस कोंडून ठेवीत, गाळ तळाशी बसला की पाणी सोडून देत आणि ओल्या मातीत बी टाकीत. वर्षानुवर्षे हेच चाललेले पाहून ही नदी घड्याळाप्रमाणे चालते असे कोणालाही वाटावे.

गाळाचा पहिला हिशेब, निदान लिखित स्वरूपात उरलेला, हेरोडोटसचा आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात तो इजिप्तला गेला. तेथील पुरोहितांनी त्याला सांगितले की, मोएरिस राजाच्या काळी नदी आठ हात चढली तरी मेंफिसच्या खालचा सारा प्रदेश भिजत असे. मोएरिसला जाऊन तेव्हा नऊशे वर्षेही झाली नव्हती, आणि हेरोडोटसच्या वेळी तेवढ्याच प्रदेशाला भिजण्यासाठी नदीला पंधरा-सोळा हात चढावे लागे. यावरून त्याने जमीन तितकी उंचावली असा निष्कर्ष काढला. हे आकडे खरे मानले तर शतकाला पाऊण-एक हात गाळ साचला असे होते, आणि ते प्रमाण पुढच्या काळातील सर्व मोजण्यांच्या कितीतरी पट आहे. पुरोहितांच्या आठ हातांवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. पण पद्धत पाहिली तर ती पूर्ण आहे. दोन खुणा, त्यांमधील काळ आणि भागाकार. पुढील तेवीस शतकांत या चौकटीत फारशी भर पडली नाही. नाईलचा प्रवाह तांबड्या समुद्राकडे वळला तर तो समुद्र वीस हजार वर्षांत, कदाचित दहा हजारांतच, बुजून जाईल, असेही त्याने लिहून ठेवले आहे. नदीचा विचार हजारो वर्षांच्या परिमाणात करण्याचे हे धाडस त्या काळी सामान्य नव्हते.

नेपोलियनच्या १७९८ सालच्या स्वारीबरोबर दीडशेहून अधिक फ्रेंच विद्वान व इंजिनीअर इजिप्तमध्ये उतरले. त्यांच्यापैकी पिएर-सिमाँ जिरार हा पूल-रस्ते खात्यातला इंजिनीअर. आस्वानसमोरच्या एलेफंटाइन बेटावर नदीचे पाणी मोजण्यासाठी बांधलेला एक प्राचीन जिना आहे. त्याच्या भिंतीवर हातांची मापे कोरलेली असून रोमन सम्राटांच्या काळचे लेखही आहेत. जिरारच्या काळचा पूर जुन्या वरच्या खुणेच्याही बराच वर जात होता. हा फरक व मधली शतके यांवरून, आणि अन्य ठिकाणच्या मोजण्यांची जोड देऊन, त्याने शतकाला सुमारे पाच इंच असा सरासरी आकडा काढला. त्याचाच सहकारी रोझियेर याने मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशापुरता हा आकडा सव्वादोन इंचांच्या घरात ठेवला. पुढे गार्डनर विल्किन्सन या इंग्रज अभ्यासकाने सतराशे वर्षांत एलेफंटाइनजवळ नऊ फूट व थीब्जजवळ सात फूट जमीन चढल्याचे नमूद केले. म्हणजे एका ठिकाणी शतकाला सव्वासहा इंच, दुसऱ्या ठिकाणी पाच इंचांहून किंचित कमी. एकाच नदीच्या एकाच देशातील या तीन-चार आकड्यांत जवळजवळ तिपटीचा फरक पडतो. सावध होण्याची खरी जागा येथेच होती.

लेनर्ड हॉर्नर सावध नव्हता असे म्हणता येणार नाही, पण तो आशावादी होता. १७८५ साली एडिंबरो येथे जन्मलेला हा गृहस्थ उपजीविकेने कारखान्यांचा सरकारी निरीक्षक. गिरण्यांतील मुलांच्या व स्त्रियांच्या कामाच्या तासांवर त्याने इतकी कडक नजर ठेवली की कार्ल मार्क्सने आपल्या ‘कॅपिटल’मध्ये त्याचा आदराने उल्लेख केला आहे. भूगर्भशास्त्र हा त्याचा आयुष्यभराचा छंद. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचा तो दोनदा अध्यक्ष झाला आणि त्या काळचा सर्वांत नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल हा त्याचा जावई. भूगर्भीय काळ आणि ऐतिहासिक काळ यांचा सांधा कोठे जुळतो, हा हॉर्नरचा ध्यास होता. ज्या वास्तूचे साल इतिहासाने ठाऊक आहे अशी एखादी वास्तू गाळात पुरलेली सापडली, तर तिच्या मापाने खालच्या, इतिहासापलीकडच्या थरांचेही वय काढता येईल, असा त्याचा विचार होता. अशी वास्तू इजिप्तखेरीज कोठे मिळणार?

१८५१ साली काम सुरू झाले. रॉयल सोसायटीने काही रक्कम दिली, इंग्लंडचा तेथील प्रतिनिधी चार्ल्स मरे याने मध्यस्थी केली आणि खर्चाचा मोठा भाग इजिप्तचा राज्यकर्ता अब्बास पाशा याने उचलला. हॉर्नर स्वतः लंडनमध्येच राहिला. प्रत्यक्ष खोदाई केली ती जोसेफ हेकेकियन या आर्मेनियन इंजिनीअरने. त्याचा जन्म १८०७ साली कॉन्स्टँटिनोपल येथे झाला. शिक्षण मुहंमद अलीच्या खर्चाने इंग्लंडमध्ये झाले आणि इजिप्तच्या सेवेत तो ‘बे’ या किताबापर्यंत चढला. या संशोधनाचा उल्लेख पुस्तकांतून बहुधा हॉर्नरच्या नावाने येतो. पण उन्हातान्हात उभे राहून, पाणी उपसून, प्रत्येक थराची जाडी व रंग टिपून ठेवणारा माणूस हेकेकियन होता, आणि श्रेयाची वाटणी करायची झाल्यास ती त्याच्या बाजूने झुकली पाहिजे.

नाईलचे पाणी पूर्ण उतरलेले असेल तेव्हाच खोल खणणे शक्य होते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात. त्या हवेला सरावलेले साठ मजूर या कामावर असत. हेलिओपोलिसच्या अक्षांशावर, जेथे खोरे सोळा मैल रुंद आहे तेथे, एका वाळवंटापासून दुसऱ्या वाळवंटापर्यंत आडव्या ओळीत एक्कावन्न खड्डे व विंधणी घेण्यात आली. मेंफिसच्या ओळीत, जेथे खोरे अवघे पाच मैल रुंद आहे, तेथे सत्तावीस. वरच्या सोळा ते चोवीस फुटांपर्यंत प्रशस्त खड्डे खणता येत आणि त्यांतून रांजण, मडकी, भाजक्या मातीची एक लहानशी मानवाकृती, तांब्याची एक सुरी अशा अखंड वस्तू निघाल्या. त्याखाली पाझराचे पाणी लागे. मग विंधणीचा बारीक गिरमीट वापरावा लागे आणि त्यातून येत ते केवळ खापरांचे व भाजक्या विटांचे तुकडे. पण ते येत मात्र जवळजवळ सर्वत्र, साठ साठ फूट खोलीवरूनही. गाळाचा तळ कोठेच लागला नाही.

आणखी एक गोष्ट हेकेकियनच्या नजरेतून सुटली नाही. या गाळात वर्षावर्षाचे पापुद्रे दिसत नव्हते. हॉर्नरने याचे कारण दिले ते पटण्यासारखे आहे. शतकाला पाच इंच म्हटले तरी एका वर्षाचा थर अर्ध्या सुताहूनही पातळ. तो उन्हात वाळतो, वाऱ्याने उडतो, नांगराने उलटतो, आणि उरलेसुरले काम गांडुळे व मुळे करतात. म्हणजे झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे येथे वर्षे मोजण्याची सोय नव्हती. भागाकारावाचून गत्यंतर नव्हते.

भागाकारासाठी खूण मिळाली ती मेंफिस येथे, आजच्या मीत राहीना या खेड्याच्या परिसरात पडलेल्या रामसेस दुसरा याच्या प्रचंड पुतळ्याच्या चौथऱ्याची. त्या चौथऱ्याच्या पायापासून वर नऊ फूट चार इंच गाळ साचला होता. जर्मन पंडित लेप्सियस याच्या कालगणनेनुसार रामसेसच्या कारकिर्दीचा मध्य इ.स.पू. १३६१ हा धरला तर १८५४ पर्यंत ३,२१५ वर्षे होतात. एकशे बारा इंचांना सव्वाबत्तीस शतकांनी भागले की शतकाला साडेतीन इंच येतात. त्याच परिसरातील एका विंधणीत एकोणचाळीस फूट खोलीवर, नाईलच्या निर्भेळ गाळात, तांबड्या खापराचा एक तुकडा सापडला होता. एकोणचाळीस फुटांचे चारशे अडुसष्ट इंच. त्यांना साडेतीनने भागून शंभरने गुणले की १३,३७१ वर्षे. हॉर्नरने तोच आकडा छापला, शेवटच्या ‘एक्काहत्तर’सह.

कल्प-मन्वंतरांच्या गणितात वाढलेल्या मराठी वाचकाला तेरा हजार वर्षांचे विशेष वाटणार नाही. १८५८ साली जेव्हा हा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला तेव्हा इंग्लंडची गोष्ट वेगळी होती. आर्चबिशप अशर याने सतराव्या शतकात सृष्टीच्या उत्पत्तीचे साल इ.स.पू. ४००४ असे ठरविले होते आणि इंग्रजी बायबलच्या समासात ते छापलेले असे. घरोघरच्या ग्रंथात समासात छापलेले साल हे वाचणाऱ्याला ग्रंथाइतकेच पवित्र वाटू लागते. पृथ्वी पुरातन आहे हे भूगर्भशास्त्रज्ञांचे म्हणणे बहुतेक सुशिक्षितांनी तोपर्यंत पचविले होते. माणूस मात्र नवा, हा शेवटचा बालेकिल्ला होता. त्यावर एका कारखाना-निरीक्षकाने खापराचा तुकडा फेकून मारला.

टीका तुटून पडली, आणि तिच्यात सर्व प्रकारचा माल होता. मजूर मालकाला हवे ते नेहमीच शोधून देतात, असा एक आक्षेप. तो खोदणाऱ्या देशी माणसांविषयीच्या तुच्छतेतून आलेला असल्याने त्याची दखल घेण्याचे कारण नाही. रॉबर्ट स्टीफन्सन या प्रसिद्ध इंजिनीअरला म्हणे दमिएटाजवळ हेकेकियनने गाठली त्याहूनही अधिक खोलीवर एक वीट सापडली आणि तिच्यावर मुहंमद अलीचा शिक्का होता. म्हणजे वीट जेमतेम पन्नास वर्षांपूर्वीची. ही गोष्ट विरोधकांच्या लिखाणातून पुढे कित्येक वर्षे फिरत राहिली. जुन्या बुजलेल्या विहिरींतून खापरे खाली गेली असतील, असेही सुचविण्यात आले. त्यावर लायेलने विचारले की, एकूण पंच्याण्णव खड्डे-विंधणींपैकी सत्तरहून अधिक गावांपासून दूर होती. त्या साऱ्या नेमक्या जुन्या विहिरींवरच कशा पडल्या?

खरा घाव घातला तो सॅम्युअल शार्प या इजिप्तच्या इतिहासकाराने. देवळे, पुतळे व स्तंभ ज्या आवारात उभारीत त्या आवाराभोवती इजिप्शियन लोक बांध घालून पुराचे पाणी अडवीत. म्हणजे पुतळ्याच्या पायाशी गाळ साचू लागला तो रामसेसच्या काळापासून नव्हे. मेंफिस ओस पडले, बांधांची डागडुजी थांबली आणि नदी आत शिरली तेव्हापासून. गाळ तोच नऊ फूट चार इंच, पण काळ बत्तीस शतकांचा न राहता त्याच्या एका अंशाचा. साऱ्या हिशेबाचा छेदच बदलला. खुद्द हेरोडोटसने बुबास्टिस येथील देऊळ भोवतालच्या उंचावलेल्या गावातून खाली वाकून पाहावे लागते असे लिहिले होते. लायेलने १८६३ सालच्या आपल्या ग्रंथात सासऱ्याच्या प्रयोगाची सविस्तर हकीकत दिली, हेकेकियनच्या प्रामाणिकपणाची ग्वाही दिली, आणि शेवटी कालमापनाची पट्टी म्हणून हा प्रयोग समाधानकारक मानता येत नाही असेच नमूद केले. घरातल्या माणसाविषयी इतके समतोल लिहिणे सोपे नसते.

यावर एक बुद्धिमान उत्तर आले ते जॉन लबक याच्याकडून, १८६५ साली. बांधांमुळे आवारात गाळ साचला नाही हे खरे. पण बांध फुटल्यावर तो खळगा झपाट्याने भरून भोवतालच्या जमिनीच्या पातळीला आला. आधी साचला नाही आणि मग एकदम साचला, ही दोन्ही टोके एकमेकांना फेडतात. पुतळा उभारला तेव्हाची शेतजमिनीची पातळी आणि आजची पातळी यांतला फरक शेवटी तोच राहतो. हा युक्तिवाद वाचताना शार्पचा आक्षेप निकालात निघाल्यासारखा वाटतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: चौथऱ्याचा पाया त्या काळच्या शेतांच्या पातळीवरच होता. राजधानीच्या नगरात, शतकानुशतकांच्या भरावावर उभ्या असलेल्या देवळाच्या आवारात, असे कोणी छातीठोकपणे सांगावे? आणि ते मान्य केले तरी वरच्या नऊ फुटांचा वेग खालच्या तीस फुटांना लावण्याचा अधिकार हॉर्नरला कोणी दिला, हा प्रश्न उरतोच. शार्प व लबक यांच्या गदारोळात या साध्या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले.

वाद असा लोंबकळत असताना माणसाच्या पुरातनत्वाचा निकाल दुसऱ्याच नदीच्या काठी लागला. १८५९ साली जोसेफ प्रेस्टविच व जॉन इव्हान्स यांनी फ्रान्समधील सोम नदीच्या जुन्या थरांत, नामशेष झालेल्या प्राण्यांच्या हाडांच्या सोबतीला, माणसाने घडविलेली गारगोटीची हत्यारे जागच्या जागी पडलेली पाहिली. त्यांना तिकडे वळविण्यात ह्यू फाल्कनर याचा मोठा हात होता. भारतातील शिवालिक टेकड्यांतील व नर्मदेच्या गाळातील प्राचीन प्राण्यांची हाडे अभ्यासून त्याने नाव मिळविले होते. सोमच्या पुराव्यात भागाकार नव्हता. हत्तीच्या लुप्त जातीचे हाड आणि हत्यार एकाच थरात पडले आहेत, एवढेच त्यात होते. पण ते नाकारता येत नव्हते. १८७३ साली नर्मदेकाठी भुतरा येथे हॅकेट याला तशाच थरात दगडी हत्यार सापडले, तेव्हा त्याचे वय कोणी इंचांनी भागून काढले नाही. हॉर्नरचा निष्कर्ष, म्हणजे माणूस सहा हजार वर्षांहून जुना आहे हा, बरोबर निघाला. हिशेब मात्र चुकलेला होता. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते आणि त्यामुळे चुकीच्या हिशेबांना नको तितके आयुष्य लाभते.

तो का चुकला, हे आज पुष्कळ स्पष्टपणे सांगता येते. पूर काठाबाहेर पडला की पाण्याचा वेग एकदम मंदावतो, म्हणून भरड वाळू काठालगतच पडते आणि तेथे एक नैसर्गिक बांध उभा राहतो; दूरवर जातो तो केवळ बारीक गाळ, तोही थोडा. तेव्हा एकाच शेताच्या दोन टोकांना गाळाचे दोन दर असतात. जमीन जसजशी उंचावते तसतसे तिच्यावर चढणारे पूर विरळ होतात, आणि नदीचे पात्रही त्याबरोबर उंचावत नसेल तर वाढ मंदावते. खालचा चिखल वरच्या भाराने दबतो. आज एक फूट दिसणारा थर पडला तेव्हा अधिक जाड होता. आणि नदी नुसती लिहीत नाही, खोडतेही. ती वळणाच्या बाहेरच्या अंगाचा काठ कापते, आतल्या अंगाला नवा काठ रचते, कधी जुने पात्र टाकून देते. टाकलेले पात्र काही वर्षांतच तळापासून काठोकाठ भरू शकते. अशा बुजलेल्या पात्रात विंधण पडले तर एकोणचाळीस फुटांखालचे खापर शेजारच्या शेतातील दहा फुटांखालच्या खापराचे समकालीन असू शकेल.

पूरही सारखे नसतात. याचा दाखला शोधण्यास नाईलपर्यंत जाण्याचे कारण नाही. भारतात नर्मदेवर तो अधिक चांगला मिळतो. सप्टेंबर १९७० मध्ये गरुडेश्वर येथे नर्मदेचा प्रवाह सेकंदाला सुमारे ६९,४०० घनमीटरपर्यंत चढला होता. एवढे पाणी घळीतून जाताना बाजूच्या ओढ्यांच्या तोंडाशी तुंबते, तेथे ते संथ होते आणि प्रत्येक मोठ्या पुराची बारीक वाळू-गाळाची एक स्वतंत्र पट्टी मागे ठेवते. पुनासाच्या घळीत अशा एकावर एक चढलेल्या पट्ट्यांचा अभ्यास पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे, डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी केला व १९९६ साली प्रसिद्ध केला. सुमारे सतराशे वर्षांच्या त्या नोंदीत महापूर सारख्या अंतराने येताना दिसत नाहीत. ते झुंडीने येतात, आणि मधली शतके तुलनेने शांत जातात. या पट्ट्यांची एकूण जाडी शतकांनी भागून सरासरी काढता येईल, पण ती सरासरी प्रत्यक्षात एकाही शतकाला लागू पडणार नाही.

म्हणून विसाव्या शतकात गाळाला गाळानेच मोजण्याचा नाद सुटला आणि वय सांगणारी खूण गाळाच्या आत शोधण्याकडे लक्ष वळले. १९४९ साली विलर्ड लिबी याने कार्बन-१४ची कालमापन पद्धत पडताळून पाहिली तेव्हा वापरलेल्या नमुन्यांत सक्कारा येथील जोसर राजाच्या पिरॅमिडमधील लाकूड होते. सक्कारा म्हणजे मेंफिसचीच स्मशानभूमी. हेकेकियनच्या खड्ड्यांपासून ती जागा हाकेच्या नसली तरी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे वाळूच्या कणावर शेवटचे ऊन कधी पडले हे सांगणारी प्रकाशमापनाची पद्धत आली. अलीकडच्या दशकांतील गाळासाठी तर अणुचाचण्यांनीच एक खूण पुरविली. सीझियम-१३७ हे द्रव्य निसर्गात नव्हते. १९५०च्या दशकापासून ते धूळ-पावसाबरोबर साऱ्या पृथ्वीवर पडले, १९६३ साली त्याचे प्रमाण शिगेला पोहोचले आणि बारीक मातीच्या कणांना ते घट्ट चिकटून राहिले. पूरमैदानात खोल नळी घालून मातीचा स्तंभ काढायचा, त्यात सीझियमचा कळस कोठे आहे ते पाहायचे आणि वरची जाडी मोजायची. इंग्लंडमध्ये एक्झेटर विद्यापीठाच्या डेस वॉलिंग यांनी ही पद्धत अनेक नद्यांवर चालविली. शेवटी भागाकार येथेही आहेच. पण तो पन्नास-साठ वर्षांपुरता, एका ठिकाणापुरता, आणि शेजारच्या नळीत वेगळे उत्तर येईल हे धरून चाललेला.

या सर्वांत रामसेसचेही वय बदलले. त्याची कारकीर्द आता इ.स.पू. १२७९ ते १२१३ अशी धरतात, म्हणजे लेप्सियसचा मध्य शतकाहून अधिक मागे पडला होता. कैरोच्या परिसरातील आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या शेतकरी वस्त्यांपैकी मेरिम्दे ही इ.स.पू. पाच हजारच्या आसपासची. तेथे मडकी घडत असत, पण हॉर्नरच्या खापराला त्याहूनही सहा-साडेसहा हजार वर्षे मागे नेण्यास कोणी तयार होणार नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभापासून इजिप्त एक्सप्लोरेशन सोसायटीतर्फे डेव्हिड जेफ्रीज यांनी मेंफिसचे जे सर्वेक्षण चालविले त्यात पुन्हा जमिनीत नळ्या घालण्यात आल्या, आणि नदी ऐतिहासिक काळातच पूर्वेकडे सरकत गेली असल्याचे दिसून आले. नाईल फारशी हललेली नाही हा लायेलचा भरवसा त्यामुळे ढासळला. मेंफिसही नदीमागोमाग सरकत गेलेले नगर ठरले.

या सर्वेक्षणाला एक अनपेक्षित आधार मिळाला तो हेकेकियनचा. त्याच्या दैनंदिन्या, पत्रे, थरांचे छेद दाखविणारी रेखाटने व नकाशे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत. इजिप्तमध्ये त्या काळी उत्खनन म्हणजे मूर्ती व दागिने उकरणे असा प्रकार होता. प्रत्येक थर कोठे सुरू होतो, कोठे संपतो, वस्तू नेमकी कोणत्या थरात पडली होती, हे इतक्या बारकाईने टिपून ठेवणारा जवळजवळ कोणी नव्हता. त्याने पाहिलेल्या भिंती व पाये पुढच्या दीडशे वर्षांत शेतांखाली, घरांखाली गेले वा नाहीसे झाले. जेफ्रीज यांनी या कागदपत्रांवर आधारलेला ग्रंथ २०१० साली प्रसिद्ध केला. हॉर्नरला हवे होते ते एक उत्तर; त्याच्या सहकाऱ्याने लिहून ठेवलेले तपशील त्या उत्तराहून अधिक टिकले.

नाईलकाठी आता नवी मोजणी करायची झाल्यास तिला एक मर्यादा पडली आहे. १९०२ साली आस्वानला बांधलेल्या पहिल्या धरणाच्या दरवाजांतून पुराचे गढूळ पाणी सोडून देत असत. नंतरच्या उंच धरणाने १९६४ साली नदी अडविली आणि १९७० साली ते पूर्ण झाले. तोवर वर्षाला दहा कोटी टनांहून अधिक गाळ आस्वानवरून खाली जात असे. त्यानंतर तो जवळजवळ सारा नासर जलाशयात बसतो. सीझियमचा कळस १९६३ सालचा. इतर नद्यांच्या पूरमैदानांत त्या खुणेच्या वर किती इंच चढले हे मोजतात; मीत राहीनाच्या शेतांत त्या खुणेच्या वर चढण्यास काही आलेलेच नाही.